सहा बावन्नची हजेरी

मी तिचं कार्ड मारलं तेव्हा ती जाऊन दोन तास झाले होते. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हेच मी पुढे चार वर्षं स्वतःला सांगत राहिले. पोलिसांना मात्र कार्डाचं सांगितलं नाही. तिथेच मी माती खाल्ली.

कार्ड मारणं म्हणजे काय हे चाकणच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायचं काम होतं. पहिली शिफ्ट सातची. गेटातून आत आलं की भिंतीवर मशीन, गळ्यातलं कार्ड त्याच्यासमोर धरलं की ते वाजायचं आणि हजेरी लागायची. सातच्या पुढे मिनिट गेलं की लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला. आम्ही सगळ्या ठेकेदाराकडच्या बायका. कुणाचं लहान पोर, कुणाचा अंथरुणाला खिळलेला सासरा, आणि पाणी तर सगळ्यांचंच. म्हणून आम्ही आपसात एक सोय करून ठेवली होती. जिला सकाळी उशीर होणार असेल ती आदल्या दिवशी सुटताना आपलं कार्ड मैत्रिणीकडे देऊन जायची. मैत्रीण सातच्या आत दोन्ही कार्डं मारायची. उशिरा येणारी दहा-पंधरा मिनिटांनी येऊन गुपचूप आपल्या टेबलाशी उभी राहायची आणि जेवणाच्या सुट्टीतून लवकर उठून काम भरून काढायची. दुसऱ्याचं कार्ड मारताना सापडल्यास तात्काळ कामावरून कमी करण्यात येईल, अशी पाटी त्या मशीनच्या वरच लावलेली होती. पाटीखाली उभं राहून आम्ही कार्डं मारायचो. यात आपण काही खोटं करतोय असं कधी मनातही आलं नाही. आमच्या लेखी तो शेजारधर्म होता.

ती आणि मी खरोखरच शेजारी होतो. महाळुंग्यात एका जागामालकानं ओळीनं बांधलेल्या अकरा खोल्या, त्यातली पाचवी माझी, सहावी तिची. मी लातूरकडची, ती मावळातली. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची आणि माझ्या बोलण्याची नक्कल करून अख्ख्या ओळीला हसवायची. तिचा नवरा स्वतःचा टेम्पो चालवायचा. तळेगावच्या कंपन्यांतून माल भरून भोसरीला टाकायचा. दिसायला शांत, ओळीतल्या म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करणारा. तिनं ओव्हरटाइमला थांबलेलं त्याला खपायचं नाही. कधीकधी ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून यायची, भर उन्हाळ्यातही, आणि मी विचारलं की म्हणायची, "ताई, जाऊ दे ना." मीही जाऊ द्यायची. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा जाऊ द्यायची.

मे महिना होता. तिची सहा वर्षांची मुलगी सुट्टीला आजोळी गेली होती. पाणी एक दिवसाआड टँकरनं यायचं, सकाळी सहाच्या पुढे. माझ्या घरी पाणी भरायला सासू होती, तिच्याकडे कुणी नव्हतं. आदल्या दिवशी सुटताना तिनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या टँकर आहे ताई, मारून ठेव." मी ते डब्याच्या पिशवीत टाकलं.

पहाटे साडेचारला भिंतीपलीकडून भांडणाचा आवाज आला. तिचा नाही, त्याचा. मग काहीतरी पडलं. मग गप्प झालं. पाच वाजायच्या आत टेम्पो सुरू होऊन निघून गेला. मी उठून बसले होते, परत आडवी झाले, कारण असं पूर्वी दहा वेळा झालं होतं. साडेसहा उलटल्यावर निघाले तर तिच्या दाराला बाहेरून कडी. वाटलं, टँकरच्या रांगेत गेली असेल. सहाआसनी रिक्षानं दहा मिनिटांत कंपनी. आधी माझं कार्ड मारलं आणि मग तिचं. तिची नोंद लागली सहा बावन्नला. हा आकडा मी तेव्हा पाहिलाही नव्हता.

साडेनऊला जागामालकाच्या बायकोनं कडी काढली. दहाला लाइन लीडर माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुमच्या शेजारणीला मारून टाकलंय, घरी जा. माझ्या पिशवीत तिचं कार्ड होतं. मला रडू यायच्या आधी त्या कार्डाची भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. पोलीस येणार, पिशवी बघणार, नऊ वर्षांची नोकरी जाणार. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. तिच्या लॉकरला कुलूप कधीच नसायचं. आत तिची चप्पल होती, कंपनीतली. मी कार्ड आतल्या खिळ्याला अडकवलं, दार लोटलं आणि मग घरी जाऊन रडले.

पोलिसांना मी भांडण सांगितलं, टेम्पो सांगितला, बाहेरची कडी सांगितली. कार्डाचं त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. घरी नवरा म्हणाला, जे विचारलंय तेवढं सांगितलंस ना, मग झालं. मलाही ते झालं असंच वाटलं. दोन दिवसांनी पोलिसांनी लॉकर उघडलं, पंचांसमोर कार्ड ताब्यात घेतलं. ती कुठे कामाला होती ते दाखवायला कंपनीकडून महिन्याची हजेरी मागवून कागदांत लावली. त्या लांबलचक तक्त्यात एक ओळ आहे आणि ती खुनाच्या दिवसाची आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पंधरा दिवसच ठेवायचे, ते मागायचंही कुणाला सुचलं नाही. तिच्या नवऱ्याला त्याच संध्याकाळी धरलं होतं. सगळ्यांना वाटत होतं, माणूस सापडलाय, आता काय राहिलं.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. तोवर तिच्या आईची आणि माझी कोर्टातच ओळख वाढली. देहूच्या पलीकडे इंद्रायणीकाठी त्यांचं गाव. नऊवारी नेसलेली, उन्हानं काळवंडलेली बाई, प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीनं यायची आणि कोर्टाच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसायची. नात तिच्याकडेच होती. पहिल्याच भेटीत तिनं माझा हात धरून सांगितलं, "मला त्याला फाशी-बिशी काय न्हाई बघायची. पर त्यो सुटला तर पोरीला न्हेईल. बाप हाय, त्याला कोण आडवनार? तू तेवढं नीट बोल बाई. ही पोरगी त्याच्या घरी गेली न्हाई पायजे." माझ्या साक्षीवर काय अवलंबून आहे ते मला त्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, मी सगळं खरं सांगणार आहे, काळजी करू नका." कार्ड तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं. विसरायचं असलं की माणूस फार छान विसरतं.

कोर्ट म्हणजे काय असतं ते मला टीव्हीवरूनच माहीत होतं. कुणी ओरडेल, टेबलावर हात आपटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात सगळं हळू आवाजात चालायचं, वरचा पंखा जास्त बोलायचा. बहुतेक तारखांना पुढची तारीखच मिळायची. वकील आजारी, जज साहेब रजेवर, आरोपीला आणायला गाडी नाही. आरोपी मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये बसायचा, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. माझी नजर गेली की मान खाली घालायचा. त्याच्या वकिलांनी त्याला तसं बसायला शिकवलं होतं असा माझा संशय होता, कारण जज साहेब आत गेले की तो अंग सैल सोडून पोलिसांशी हसत बोलायचा.

त्याचे वकील साठीचे होते. पांढरे केस, गोड आवाज, खिशात बडीशेप. एकदा कोर्टाबाहेरच्या टपरीवर मी उभी होते, तर त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली आणि म्हणाले, बसा ताई. मी बसले नाही. त्या माणसानं वाईट असावं अशी माझी फार इच्छा होती. पण तो बिनसाखरेचा चहा बशीत ओतून पिणारा एक दमलेला म्हातारा होता, आणि त्यानंच मला उभी चिरली.

डॉक्टरांची साक्ष माझ्या आधी झाली. डॉक्टर म्हणाले, मृत्यू पहाटे चार ते सहाच्या दरम्यान झाला असावा, गळा दाबून. वकिलांनी फार नम्रपणे विचारलं, "डॉक्टरसाहेब, उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याची खोली, बंद दार. दोन तास इकडेतिकडे होऊ शकतात?" डॉक्टर म्हणाले, होऊ शकतात. "म्हणजे आठही वाजले असू शकतात?" डॉक्टर म्हणाले, शक्यता नाकारता येणार नाही. वकील आभार मानून खाली बसले. बाहेर आल्यावर तिच्या आईनं मला विचारलं, "आठचं काय म्हनत व्हता त्यो?" मला तरी कुठे कळलं होतं?

मग तळेगावच्या एका कंपनीची गेटवरची वही आली. त्याचा टेम्पो पाच पन्नासला आत गेला होता आणि दहाला बाहेर पडला होता. यात खोटं काही नव्हतं. तो तिला मारून तिकडेच गेला होता.

माझा पुकारा झाला तेव्हा पावणेबारा वाजले होते. मी इस्त्रीची साडी नेसले होते. शपथ घेतली. सरकारी वकीलबाईंनी विचारलं ते मी सांगितलं, भांडण, टेम्पो, कडी. मध्ये एकदा रडू आलं तर जज साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं. सगळं नीट झालं असं वाटलं. मग ते म्हातारबाबा उठले.

"बाई, कंपनीत किती वर्षं झाली?"

"नऊ. आता अकरा."

"कधी मेमो मिळाला? तक्रार?"

"नाही."

"उलट हजेरीचं बक्षीस मिळालंय ना? स्टीलचा डबा?"

हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. पण मी मान ताठ करून हो म्हटलं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या डब्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

"पगार मशीनच्या हजेरीवरूनच निघतो?"

"हो."

"या मशीननं तुमची हजेरी कधी चुकवली? आलात आणि लागली नाही, किंवा आला नाहीत आणि लागली, असं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

तिथे एक पद्धत आहे. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार हो किंवा नाही म्हणतो, आणि जज साहेब दोन्हीचं मिळून एक वाक्य करून टायपिस्टला सांगतात. प्रश्न त्यात राहत नाही. मी नुसतं "एकदाही नाही" म्हटलं होतं. टायपिस्टनं लिहिलं, "हे म्हणणे खरे आहे की, कंपनीतील हजेरीचे मशीन कधीही चुकलेले नाही." आपण स्वतःच्या पायांनी कोर्टात चालत येऊन, कुणी विचारलेलं नसताना हे सांगितलं, असं पुढे वाचणाऱ्याला वाटेल. ते वाक्य खोडून घ्यावं असं तेव्हाच वाटलं. पण उशीर झाला होता.

त्यांनी तो तक्ता माझ्यासमोर धरला. लांब नखाच्या बोटानं एक ओळ दाखवली. "हे नाव वाचा. तारीख वाचा. वेळ वाचा."

मी वाचली. सहा बावन्न.

"या नोंदीप्रमाणे मयत त्या दिवशी सहा वाजून बावन्न मिनिटांनी कंपनीत हजर होती. तिचं कार्डही तिच्या लॉकरमध्ये सापडलं, पंचनामा आहे. आणि माझा अशील पाच पन्नासपासून तळेगावला होता. आता सांगा, ही नोंद खरी की खोटी?"

त्या खोलीत काय झालं ते मला नीट आठवतं. पंखा चालू होता. सरकारी वकीलबाईंनी झटकन कागद चाळायला घेतले. तिची आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, काही न कळून. कंपनीतले एचआरचे साहेब पुढच्या साक्षीसाठी येऊन बसले होते. मी म्हटलं, "ते कार्ड मी मारलं."

"परत सांगा."

"ती आली नव्हती. तिचं कार्ड माझ्याकडे होतं. आम्ही बायका मारतो एकमेकींचं. लॉकरमध्येही मीच ठेवलं. ती आली नव्हती साहेब, ती गेली होती तेव्हा."

वकील अजिबात दचकले नाहीत. त्यांना हे उत्तर आलं तरी चालणार होतं, नाही आलं तरी चालणार होतं, आणि हे मला तिथे उभं असताना कळलं. "हे पोलिसांना सांगितलंत?" नाही. "जबाबात आहे?" नाही. "सरकारी वकिलांना?" नाही. "म्हणजे आज, अडीच वर्षांनी, पहिल्यांदा?" हो. "पोलिसांपासून का लपवलंत?" नोकरी जाईल म्हणून. "नोकरीसाठी तुम्ही खोटं वागू शकता." "असं खोटं कार्ड महिन्यातून किती वेळा मारायचात?" आठवड्यातून एकदोनदा. "आणि तरी पाच मिनिटांपूर्वी शपथेवर म्हणालात, एकदाही नाही."

मी म्हटलं, "तुम्ही मशीनचं विचारलं होतं."

"बरोबर," ते म्हणाले. "मशीन चुकत नाही, तुम्ही चुकता. मयत तुम्हाला बहिणीसारखी?" हो. "आरोपीला शिक्षा व्हावी असं वाटतं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, किंवा "कोर्ट ठरवेल" असं म्हणायला हवं होतं. सरकारी वकीलबाई डोळ्यांनी मला तेच सांगत होत्या. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी त्या बाकावरच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं आणि म्हटलं, "वाटतं. फाशी व्हावी. मी दोर आणून देते."

वकील जज साहेबांकडे वळून म्हणाले, "आणखी विचारायचं नाही." टायपिस्टच्या बोटांचा आवाज येत राहिला. "हे म्हणणे खरे आहे की, आरोपीस फाशी व्हावी अशी माझी इच्छा आहे."

बाहेर आल्यावर सरकारी वकीलबाई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. भिंतीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हे मला सकाळी सांगितलं असतंत ना, तर मीच आधी तुमच्या तोंडून काढलं असतं. मी विचारलं असतं तर ती कबुली झाली असती. त्यांनी विचारलं, आता ती सबब झाली." तेच शब्द, तीच बाई, तीच शपथ. कुणी आधी विचारलं यावर खरं-खोटं ठरायचं हे मला अजून पचलेलं नाही. त्या दिवशी मी कोर्टावर फार संतापले. रात्री भाकरी थापताना कळलं की संतापायला सोपं म्हणून मी कोर्टाची निवड करते आहे.

त्या दुपारी एचआरच्या साहेबांनी शपथेवर सांगितलं की आमच्याकडे असा प्रकार होत नाही, होऊ शकत नाही, कडक नियम आहे. त्यांना सगळं माहीत होतं. पण माल घेणारे लोक परदेशातून येऊन हजेरी तपासतात, त्यांच्यासमोर कोण कबूल करणार? ते खोटं बोलले आणि त्यांचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड मशीननं घेतलं नाही. गार्डनं खाली बघत सांगितलं, ताई, तुमचं नाव काढलंय. ज्या नोकरीसाठी गप्प बसले होते ती अशी गेली. आता मी एका शाळेच्या बसवर मावशी आहे, मुलांना चढवते आणि उतरवते.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, कंपनीतली आणखी एखादी बाई येऊन सांगेल का, की अशी पद्धत आहे? मी घरोघर गेले. कुदळवाडीपासून खराबवाडीपर्यंत. सगळ्यांनी चहा केला. सगळ्या रडल्या. जिचं कार्ड मी तिच्या बाळंतपणाच्या आधी पूर्ण दोन महिने मारलं होतं, ती म्हणाली, येते मी, काय व्हायचं ते होऊ दे. तारखेच्या सकाळी तिचा फोन बंद. मी तिला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. पण तिचं चुकलं असं म्हणायला मला तोंड नाही. तिनं त्या दिवशी केलं तेच मी लॉकरपाशी केलं होतं. ती त्या दिवशी टेबलाशी नव्हती हे सांगू शकणारा लाइन लीडर नोकरी सोडून गुजरातला गेला होता, त्याचं समन्स परत आलं.

शेवटच्या युक्तिवादाला मी मुद्दाम गेले. म्हाताऱ्या वकिलांनी माझं नाव अकरा वेळा घेतलं. मग आवाज आणखी हळू करून ते म्हणाले, बाई ओव्हरटाइमला थांबायची, कोणासाठी थांबायची हा तपास पोलिसांनी केलाच नाही. एवढंच. पुढे काही नाही. गेलेल्या बाईवर चिखलाचा एक शिंतोडा, आणि लगेच पुढचा मुद्दा. ती ओव्हरटाइमला मुलीच्या शाळेच्या बुटांसाठी थांबायची. हे सांगायला मला कुणी उभं केलं नाही, माझी साक्ष होऊन गेली होती. तिच्या आईनं पदर तोंडात धरला होता. मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून मोठ्यानं रडले, शिपाई "बाई, आवाज" म्हणेपर्यंत.

निकाल दीड वर्षानं लागला. जज साहेबांनी वाचलं, संशयाचा फायदा. पहाटेचं भांडण एकाच साक्षीदारानं ऐकलं, आणि ती साक्षीदार विश्वासार्ह नाही. मला राग नाही आला. त्यांच्या जागी मी असते आणि माझ्यासमोर माझ्यासारखी बाई आली असती, तर मीही हेच लिहिलं असतं.

तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी पाय धरले असते, मोकळी झाले असते. कोणीतरी तिला सांगितलं होतं की पोरीच्या ताब्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. ती म्हणाली, "परत त्याच जिन्यात बसू? आन हरले तर त्यो मला तिचं त्वांड बी दाखवायचा न्हाई." मग पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "रविवारी त्यो पोरीला न्यायला यायलाय. तू ये."

मी गेले. मला वाटलं, तिला आधाराला कुणी हवं असेल. घरी पोचले तर चुलीवर रस्सा शिजत होता आणि ती बाई पाटावर बसून पुरण वाटत होती. नात दारात बसली होती. दहा वर्षांची, आईचंच नाक. गावातल्या पोरांनी तिला सगळं कधीच सांगून टाकलेलं होतं. आजी वाटता वाटता तिला समजावत होती. "बापाला उलट बोलायचं न्हाई. हाक मारली की लगीच उठायचं. ताट येळंवर द्यायचं. त्यानं आवाज चढवला तर भायेर शेजाऱ्यापाशी जाऊन हुभं ऱ्हायचं, काय?" मुलगी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, पाठांतर म्हणून दाखवावं तशी.

तो बाराला आला. सोबत त्याचा मोठा भाऊ होता. आजीनं दारात त्याच्या पायांवर पाणी घातलं. कुंकू लावलं. जावयाला द्यायचा टॉवेल आणि टोपी दिली. मी मागच्या खोलीत भिंत धरून उभी होते आणि मला वाटत होतं, हिचं डोकं फिरलंय. ती आत आली. पुरणपोळीचं ताट माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्याला जेवू घालताय?"

"मंग काय करू?" ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "माझी पोर त्याच्या हातात चाललीया. त्याच्या मनात माझ्याविषयी राग न्हाई. तू त्याच्या विरोधात बोललीस, राग तुझ्यावर हाय. त्यो त्यानं तुझ्यावर काढला न्हाई तर पोरीवर काढंल. जा, तू वाढ. आन काय म्हनला तर हो म्हन."

मी ताट घेतलं. पुढच्या खोलीत गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, नवी टोपी घालून. मी वाकून ताट ठेवलं. त्यानं वर बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय ताई, दोर आणला का?" त्याचा भाऊ हसला. मुलगी दारातून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "चुकलं माझं. कोर्टात खोटं बोलले मी."

तो जेवायला लागला. अर्धी पोळी संपल्यावर त्यानं ताट जरा पुढे सरकवलं, आणि मी त्याला तूप वाढलं.